कार्ल बोर्गवार्ड

कार्ल फ्रीडरिश व्हिल्हेल्म बोर्गवार्ड (१० नोव्हेंबर १८९०, आल्टोना – २८ जुलै १९६३, ब्रेमेन) हे जर्मन अभियंते, मोटारनिर्माते आणि उद्योजक होते. बोर्गवार्ड, गोलियाथ व लॉइड या तीन वाहन कंपन्यांचे ते एकमेव मालक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या आर्थिक पुनरुत्थानाच्या काळात त्यांचा उद्योगसमूह देशातील प्रमुख मोटारनिर्मात्यांमध्ये गणला जात असे. १९५४ साली बाजारात आलेली इझाबेला ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध मोटार होय.

१९६०-६१ च्या हिवाळ्यात हा उद्योगसमूह आर्थिक अडचणीत सापडला. ब्रेमेन राज्य सरकारने प्रथम त्याच्या कर्जांना हमी दिली, नंतर अधिक हमी नाकारली आणि अखेर संपूर्ण उद्योग स्वतःच्या ताब्यात घेतला. त्यानंतर काही महिन्यांतच तो दिवाळखोरीत निघाला. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीतील ही पहिली मोठी औद्योगिक दिवाळखोरी मानली जाते. पुढे धनकोंची देणी पूर्णपणे फेडली गेल्यामुळे हा उद्योग वाचवता आला असता का, असा प्रश्न निर्माण झाला. अडचणीतील मोटार कंपन्यांना सरकारने साहाय्य करावे की नाही, या वादात बोर्गवार्ड यांचे उदाहरण आजही दिले जाते.

प्रारंभिक जीवन

बोर्गवार्ड यांचा जन्म हॅम्बुर्गला लागून असलेल्या आणि त्या वेळी प्रशियात मोडणाऱ्या आल्टोना या गावी झाला. त्यांचे वडील कोळशाचे व्यापारी होते. घरात तेरा भावंडे असल्याने परिस्थिती बेताचीच होती. यंत्रांची आवड त्यांना बालपणापासून होती. शालेय शिक्षणानंतर त्यांनी फिटरच्या कामाची उमेदवारी केली आणि पुढे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९१३ साली अभियंता म्हणून पात्रता मिळवली. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढताना ते जखमी झाले.

हाताने काम करण्याची सवय त्यांनी उद्योगपती झाल्यावरही सोडली नाही. नव्या मोटारीचा आकार ते प्रथम स्वतः मातीसारख्या मऊ पदार्थात घडवून पाहत. कागदोपत्री व्यवहार, हिशेब आणि बैठका यांपेक्षा रेखाटनाच्या फळ्याजवळ व कार्यशाळेत त्यांचे मन अधिक रमे. त्यांच्या यशाचे आणि पुढील अपयशाचे मूळ अनेक अभ्यासक याच स्वभावात शोधतात.

उद्योगाची उभारणी

युद्ध संपल्यावर बोर्गवार्ड ब्रेमेन येथील एका लहानशा कारखान्यात भागीदार झाले. हा कारखाना मोटारींसाठी रेडिएटर व मडगार्ड तयार करी. ब्रेमेनमधील हान्सा-लॉइड ही मोटार कंपनी त्याचे मोठे गिऱ्हाईक होती. १९२४ साली बोर्गवार्ड यांनी ब्लिट्झकारेन नावाची एक छोटी तीनचाकी मालवाहू गाडी तयार केली. तिची रचना अत्यंत साधी व किंमत कमी असल्याने घोडागाडी किंवा हातगाडी वापरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना ती परवडू लागली. जर्मन टपाल खात्यानेही अशा गाड्या घेतल्या. या गाडीने बोर्गवार्ड यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखानदारापासून वाहननिर्माता बनवले.

व्यापारी जाण असलेले व्हिल्हेल्म टेक्लेनबोर्ग हे या काळात त्यांचे भागीदार होते. बोर्गवार्ड यांनी तांत्रिक बाजू पाहावी आणि टेक्लेनबोर्ग यांनी आर्थिक व विक्रीची बाजू सांभाळावी, अशी कामाची विभागणी होती. १९२८ मध्ये गोलियाथ कंपनीची स्थापना झाली. त्यानंतर अल्पावधीतच जागतिक मंदीमुळे डबघाईस आलेली हान्सा-लॉइड कंपनी या दोघांनी ताब्यात घेतली. एकेकाळी जिला रेडिएटर पुरवले तीच कंपनी बोर्गवार्ड यांच्या मालकीची झाली. मंदीच्या काळात त्यांनी काढलेली गोलियाथ पायोनियर ही स्वस्त तीनचाकी मोटारही लोकप्रिय ठरली.

१९३७ मध्ये टेक्लेनबोर्ग भागीदारीतून बाहेर पडले आणि बोर्गवार्ड एकमेव मालक राहिले. पुढच्याच वर्षी ब्रेमेनच्या झेबाल्ड्सब्रुक या भागात त्यांचा मोठा नवा कारखाना सुरू झाला. भागीदार गेल्यानंतर मालकाच्या निर्णयाला हिशेबाच्या अंगाने हरकत घेऊ शकेल असा समान अधिकाराचा माणूस कंपनीत उरला नाही.

दुसरे महायुद्ध

बोर्गवार्ड १९३८ साली नाझी पक्षाचे सदस्य झाले. युद्धकाळात त्यांच्या कारखान्यांत लष्करी ट्रक, अर्ध-साखळी वाहने आणि इतर युद्धसामग्री तयार होत असे. दूरनियंत्रणाने चालणारे गोलियाथ हे स्फोटकवाहू यंत्रही त्यांच्याच कंपनीचे होते. या उत्पादनासाठी युद्धकैदी आणि व्याप्त देशांतून सक्तीने आणलेले मजूर मोठ्या संख्येने राबवले गेले. त्यांच्या चरित्राचा हा भाग युद्धोत्तर यशाच्या वर्णनांत बराच काळ दुर्लक्षित राहिला.

ऑक्टोबर १९४४ मधील हवाई हल्ल्यात झेबाल्ड्सब्रुकच्या कारखान्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर अमेरिकन अधिकाऱ्यांनी बोर्गवार्ड यांना अटक करून सुमारे नऊ महिने स्थानबद्ध ठेवले. चौकशीची प्रक्रिया पूर्ण होऊन उद्योगाची सूत्रे पुन्हा उघडपणे हाती घेण्यास त्यांना १९४८ साल उजाडले.

युद्धोत्तर पुनरुभारणी

युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात पोलाद व इतर कच्चा माल कंपनीनिहाय ठरवून दिलेल्या वाट्यानुसार मिळत असे. अधिक कंपन्या म्हणजे अधिक वाटा, हे ओळखून बोर्गवार्ड यांनी आपला उद्योग बोर्गवार्ड, गोलियाथ व लॉइड अशा तीन स्वतंत्र कंपन्यांत विभागला. त्या काळात ही युक्ती उपयोगी ठरली. मात्र टंचाई संपल्यानंतरही ही विभागणी तशीच राहिली. तीनही कंपन्यांचे अभिकल्प विभाग, खरेदी विभाग आणि विक्रेत्यांची जाळी वेगवेगळी होती. एकाच मालकाच्या या कंपन्या सुट्या भागांची एकत्र मोठी खरेदी करून किंमत कमी करून घेत नसत. काही वेळा तर त्यांच्या मोटारी एकमेकींशीच स्पर्धा करत.

१९४९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात बोर्गवार्ड यांनी हान्सा १५०० ही मोटार सादर केली. युद्धानंतर संपूर्ण नव्याने आखलेली ही पहिली जर्मन मोटार मानली जाते. तिचे मडगार्ड वेगळे उठून न दिसता सपाट बाजूंमध्ये सामावलेले होते. स्थानबद्धतेत असताना पाहिलेल्या अमेरिकन नियतकालिकांतून त्यांना या आकाराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

१९५० मध्ये आलेली लॉइड ३०० ही दुसऱ्या टोकाची गाडी होती. पोलादाच्या टंचाईमुळे तिचा सांगाडा लाकडी, पत्रे प्लायवूडचे आणि आवरण कृत्रिम चामड्याचे होते. लोक तिला थट्टेने जखमेवरच्या चिकटपट्टीचे नाव देत, पण मोटारसायकलवरून मोटारीकडे वळू पाहणाऱ्या सामान्य कुटुंबांना ती परवडत होती. पुढे पत्र्याचे शरीर असलेल्या लॉइड मोटारींनी इतकी मजल मारली की १९५० च्या दशकाच्या मध्यास पश्चिम जर्मनीतील नोंदणीत हे नाव फोक्सवॅगन व ओपेल यांच्या खालोखाल आले. गोलियाथ कंपनीनेही पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे इंजिन मोटारीत बसवून तांत्रिक धाडस दाखवले. अशी इंजिने असलेल्या जगातील अगदी पहिल्या उत्पादित मोटारींमध्ये तिची गणना होते.

इझाबेला

१९५४ च्या उन्हाळ्यात इझाबेला बाजारात आली. चाचणीच्या गाड्यांवर कोणते नाव लिहावे, असे अभियंत्यांनी विचारले असता बोर्गवार्ड यांनी सहज एक नाव सुचवले आणि तेच कायम झाले, अशी आख्यायिका आहे. घाईने बाजारात आणल्याने सुरुवातीच्या गाड्यांत अनेक दोष निघाले. ते दूर झाल्यानंतर मात्र प्रशस्त, वेगवान आणि देखणी मध्यमवर्गीय मोटार म्हणून तिने लौकिक मिळवला. तिची दोन दारांची कूपे आवृत्ती १९५७ मध्ये आली. त्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक बोर्गवार्ड यांनी पत्नी एलिझाबेथ यांना दिली होती. इझाबेलाच्या एकूण २,०२,८६२ गाड्या तयार झाल्या.

याच काळात बोर्गवार्ड यांचे इंजिन मोटार शर्यतींतही चमकले. १९५९ मध्ये ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉस यांनी फॉर्म्युला टू शर्यतींत कूपर गाडीवर हे इंजिन वापरले. हवेच्या दाबावर चालणारी निलंबन व्यवस्था असलेली पी १०० ही मोठी मोटार १९५९ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात मांडण्यात आली. विमानशास्त्रज्ञ हाइन्रिश फोके यांच्या साहाय्याने बोर्गवार्ड यांनी कोलिब्री नावाचे हेलिकॉप्टरही तयार करवून घेतले. या सर्व प्रयोगांना पैसा लागत होता आणि तो चालू विक्रीतूनच उभा करावा लागत होता.

आर्थिक संकट

१९५९ हे समूहाच्या भरभराटीचे वर्ष होते. वर्षाला एक लाखाहून अधिक वाहने तयार होत होती आणि सुमारे २०,००० कामगार-कर्मचारी कामाला होते. या भरभराटीमागे चार कमकुवत बाबी होत्या.

पहिली बाब म्हणजे भांडवलाची. बोर्गवार्ड यांनी भाग विकून भांडवल उभारले नाही आणि बँकांना कारभारात बोलू दिले नाही. त्या काळी हिवाळ्यात मोटारींची विक्री मंदावे. कारखाना बंद न ठेवता गाड्या बनवून साठवायच्या आणि वसंत ऋतूत त्या विकून हिवाळ्यात घेतलेले अल्पमुदतीचे कर्ज फेडायचे, असा क्रम चाले. विक्री ठरल्याप्रमाणे झाली तरच हा क्रम टिकणार होता.

दुसरी बाब म्हणजे वाहनांच्या प्रकारांची बेसुमार संख्या. फोक्सवॅगन प्रामुख्याने एकाच मोटारीच्या प्रचंड उत्पादनावर उभी होती. बोर्गवार्ड यांच्या कंपन्या छोट्या मोटारीपासून ट्रकपर्यंत अनेक प्रकार तुलनेने थोड्या संख्येने बनवत. त्यामुळे प्रत्येक गाडीवर पडणारा खर्च वाढे.

तिसरी बाब आराबेला ही लॉइडची नवी मोटार. १९५९ मध्ये ती पूर्ण तयारी होण्याआधीच बाजारात आली. पावसाचे पाणी आत गळणे आणि यंत्रातील इतर दोष यांमुळे तिची बदनामी झाली. दुरुस्त्यांचा भुर्दंड कंपनीवर पडला आणि तिच्या किमतीतून उत्पादनखर्चही निघत नाही, अशी टीका झाली.

चौथी बाब निर्यातीची. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी १९५९ च्या शरद ऋतूत स्वतःच्या आटोपशीर मोटारी बाजारात आणल्या. त्यामुळे युरोपीय गाड्यांची तेथील मागणी एकाएकी घसरली. अमेरिकेसाठी तयार केलेल्या बोर्गवार्ड गाड्या पडून राहिल्या आणि त्यांत अडकलेले खेळते भांडवल मोकळे झाले नाही.

ब्रेमेन सरकारचा हस्तक्षेप

ब्रेमेन हे शहर आणि राज्य दोन्ही आहे. ब्रेमरहाफेनसह या राज्याची लोकसंख्या त्या वेळी सुमारे सात लाख होती आणि ते पश्चिम जर्मनीतील सर्वांत लहान घटकराज्य होते. तेथील मंत्रिमंडळाला सिनेट म्हणतात. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे व्हिल्हेल्म कायझेन हे १९४५ पासून त्याचे अध्यक्ष होते. अर्थखाते फ्री डेमोक्रॅटिक पक्षाचे व्हिल्हेल्म नोल्टिंग-हाउफ यांच्याकडे होते. जहाजबांधणी आणि बंदर यांच्या बरोबरीने बोर्गवार्डचे कारखाने हा शहराच्या रोजगाराचा मोठा आधार होता.

१९६० च्या अखेरीस बँकांनी नेहमीचे हिवाळी कर्ज देताना हात आखडता घेतला. तेव्हा राज्याने कोट्यवधी मार्कांच्या कर्जांना हमी दिली. हमी म्हणजे प्रत्यक्ष रक्कम नव्हे. कंपनीने कर्ज बुडवले तरच ते राज्याला भरावे लागणार होते. परंतु लहान राज्याच्या अंदाजपत्रकाच्या मानाने हा भार मोठा होता. त्याच महिन्यात, डिसेंबर १९६० मध्ये, डेर श्पीगेल या साप्ताहिकाने बोर्गवार्ड यांच्यावर मुखपृष्ठ लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांचे चित्रण व्यवसायाची शिस्त नसलेला हौशी कारागीर असे करण्यात आले होते. या लेखाने पुरवठादार आणि बँका अधिकच सावध झाल्या.

जानेवारी १९६१ मध्ये कंपनीला आणखी पैशांची गरज पडली तेव्हा सिनेटने पुढील हमी देण्यास नकार दिला. दिवाळखोरी किंवा उद्योगाचे राज्याकडे हस्तांतरण, असे दोनच पर्याय बोर्गवार्ड यांच्यापुढे ठेवण्यात आले. ४ फेब्रुवारी १९६१ रोजी सुमारे तेरा तास चाललेल्या बैठकीअखेर बोर्गवार्ड यांनी आपले सर्व कारखाने ब्रेमेन राज्याच्या स्वाधीन करणाऱ्या करारावर सही केली. त्या वेळी ते ७० वर्षांचे होते. चार दशकांच्या श्रमातून उभा राहिलेला उद्योग सोडताना त्यांना त्याची किंमत म्हणून विक्रीचा मोबदला मिळाला नाही.

साहाय्याविषयीचा वाद

सरकारने साहाय्य करावे असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा कामगारांचा होता. कारखान्यातील सुमारे २०,००० लोकांखेरीज सुटे भाग पुरवणारे, विक्रेते आणि दुकानदार यांची उपजीविका या उद्योगावर अवलंबून होती. कंपनीकडे जमीन, इमारती, यंत्रे आणि विकण्याजोगा माल होता. तिच्यापुढील अडचण मालमत्तेच्या अभावाची नसून तात्पुरत्या रोकड टंचाईची आहे, असे या पक्षाचे प्रतिपादन होते. वसंत ऋतूत विक्री वाढली की कर्ज फिटेल, असा विश्वास स्वतः बोर्गवार्ड यांनाही होता.

विरोधकांचे म्हणणे वेगळे होते. एकट्या मालकाच्या निर्णयांचा तोटा करदात्यांनी का सोसावा, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. नफा झाला तेव्हा तो खाजगी होता, मग तोटा सार्वजनिक कसा, असा हा युक्तिवाद होता. दुसरे असे की हिशेबाची शिस्त, मोटारींच्या प्रकारांत कपात आणि तीन कंपन्यांचे एकत्रीकरण यांशिवाय दिलेला पैसा त्याच भगदाडातून वाहून गेला असता. तिसरे म्हणजे इतर मोटार कंपन्या सरकारी आधाराविना स्पर्धेत उभ्या असताना एकीलाच आधार देणे अन्यायाचे ठरले असते. लुडविग एर्हार्ड यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात पश्चिम जर्मनीत बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्थेचा पुरस्कार होत होता. त्याच वर्षी केंद्र सरकार फोक्सवॅगनचे बहुसंख्य भाग जनतेला विकून त्या कंपनीतील सरकारी मालकी कमी करत होते. अशा काळात एका घटकराज्याने मोटार कंपनीचे मालक बनणे प्रवाहाच्या विरुद्ध होते.

या वादाची एक तुलना त्या काळीच डोळ्यांसमोर होती. म्युनिक येथील बीएमडब्ल्यू ही कंपनी १९५९ मध्ये अशाच संकटात होती. त्या वर्षीच्या डिसेंबरमधील भागधारकांच्या सभेत छोट्या भागधारकांच्या विरोधामुळे ती डाइमलर-बेंझकडे जाण्याचे टळले आणि त्यानंतर हर्बर्ट क्वांट यांनी तिच्यात भांडवल घातले. बीएमडब्ल्यू भागधारकांची कंपनी असल्याने नव्या गुंतवणूकदाराला तिच्यात प्रवेशाचा मार्ग होता. बोर्गवार्ड यांनी असा मार्ग आपल्या उद्योगात ठेवलेला नव्हता. त्यामुळे बँकांनी पाठ फिरवताच सरकार हाच एकमेव आश्रय उरला.

राज्याच्या ताब्यातील काळ आणि दिवाळखोरी

ताबा घेतल्यावर ब्रेमेन राज्याने उद्योगाचे भागभांडवली कंपनीत रूपांतर केले. तिच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्षपद म्युनिकचे योहानेस झेमलर यांच्याकडे देण्यात आले. झेमलर हे यापूर्वी अमेरिकन व ब्रिटिश व्याप्त प्रदेशांच्या संयुक्त अर्थप्रशासनाचे प्रमुख होते. १९४८ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर केल्यानंतर त्यांच्या जागी लुडविग एर्हार्ड आले होते. बोर्गवार्डची जबाबदारी स्वीकारताना झेमलर बीएमडब्ल्यूच्या पर्यवेक्षक मंडळाचेही अध्यक्ष होते. एकाच वेळी दोन स्पर्धक कंपन्यांचे हित पाहणारा माणूस बोर्गवार्डच्या हितासाठी झटेल का, अशी शंका तेव्हापासून घेतली जाते. त्यांनी जाणीवपूर्वक अहित केल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही.

मार्च १९६१ मध्ये पश्चिम जर्मन मार्कचे मूल्य वाढवण्यात आले. एका डॉलरचा भाव ४.२० मार्कांवरून ४ मार्कांवर आला. त्यामुळे जर्मन गाड्या परदेशात महागल्या आणि निर्यातीवर भिस्त असलेल्या बोर्गवार्डला आणखी एक धक्का बसला. वृत्तपत्रांतील चर्चेमुळे ग्राहकही बिचकू लागले. उद्या बंद पडू शकणाऱ्या कंपनीची मोटार घेतली तर सुटे भाग कोठून मिळणार, ही चिंता स्वाभाविक होती. खरेदीदार किंवा भागीदार मिळवण्याचे प्रयत्न फळाला आले नाहीत.

जुलै १९६१ मध्ये कंपनीने धनकोंशी तडजोडीसाठी न्यायालयाकडे अर्ज केला. तडजोड होऊ शकली नाही. सप्टेंबरमध्ये बोर्गवार्ड व गोलियाथ आणि नोव्हेंबरमध्ये लॉइड यांच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. त्याच सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने आपली नवी १५०० ही मध्यम आकाराची मोटार सादर केली. इझाबेलाने घडवलेला ग्राहकवर्ग पुढे मोठ्या प्रमाणात या मोटारीकडे वळला.

त्या वेळी पश्चिम जर्मनीत बेकारी नगण्य होती आणि उद्योगांना कामगारांची टंचाई जाणवत होती. त्यामुळे बहुतेक कामगारांना लवकरच दुसरे काम मिळाले. काही अभियंते बीएमडब्ल्यूसह इतर मोटार कंपन्यांत गेले. दिवाळखोरीचे सामाजिक परिणाम भीती होती तितके तीव्र झाले नाहीत, याचे श्रेय सरकारी योजनेपेक्षा त्या काळच्या तेजीला अधिक दिले जाते. तरीही अनेक वर्षे एकाच कारखान्यात काढलेल्या प्रौढ कामगारांना नव्या ठिकाणी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली.

अखेरची वर्षे व मृत्यू

उद्योग हातचा गेल्यानंतर बोर्गवार्ड ब्रेमेनमध्येच राहिले. आपली कंपनी सक्षम होती आणि तिला विनाकारण बुडवले गेले, या मतावर ते अखेरपर्यंत ठाम होते. २८ जुलै १९६३ रोजी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ७२ वर्षांचे होते.

मूल्यमापन

दिवाळखोरीची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर धनकोंची देणी पूर्णपणे फेडता आली. ही गोष्ट बोर्गवार्ड यांच्या समर्थकांच्या युक्तिवादाचा कणा आहे. ज्या उद्योगाची मालमत्ता सर्व कर्जांना पुरून उरली तो मुळात दिवाळखोर नव्हताच, असे ते म्हणतात. सिनेटने घाई केली, बँकांनी स्वार्थ पाहिला आणि स्पर्धकांचे फावले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरा पक्ष असे दाखवून देतो की मालमत्ता विकून कर्ज फिटणे आणि चालू धंदा नफ्यात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कारखाने बंद झाले तेव्हा तोटाही थांबला. जमीन, इमारती आणि यंत्रे तेजीच्या काळात विकली गेल्याने त्यांना चांगली किंमत आली. उत्पादन त्याच पद्धतीने चालू राहिले असते तर हीच मालमत्ता वर्ष-दोन वर्षांत तोट्यात जिरली असती आणि धनकोंच्या हाती काहीच उरले नसते, असे या पक्षाचे मत आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी भूमिका आढळते. तिच्यानुसार ब्रेमेन सरकारची चूक साहाय्य करण्यात किंवा नाकारण्यात नसून मध्येच भूमिका बदलण्यात होती. हमी देताना राज्याने हिशेब तपासणी, व्यवस्थापनातील बदल आणि तीन कंपन्यांचे एकत्रीकरण अशा अटी सुरुवातीलाच घालून त्यांचा पाठपुरावा करायला हवा होता. तसे न करता प्रथम पुरेशा नियंत्रणाविना हमी दिली गेली आणि नंतर मालकी घेऊनही उद्योगाला उभे करण्याइतके भांडवल पुरवले गेले नाही. राज्याने मालकाला दूर केले, परंतु मालकाची जबाबदारी पेलली नाही, असा या टीकेचा आशय आहे. बोर्गवार्ड यांच्याकडेही ही भूमिका तितक्याच कठोरपणे पाहते. भांडवलात इतरांना वाटा न देण्याचा आणि सल्ला न ऐकण्याचा त्यांचा हट्ट नसता, तर सरकारच्या दारी जाण्याची वेळच कदाचित आली नसती.

पुढील दशकांत इतर देशांतही हाच प्रश्न उभा राहिला. १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारने ब्रिटिश लेलँड ताब्यात घेतली. १९७९-८० मध्ये अमेरिकेच्या सरकारने क्रायस्लरला दीड अब्ज डॉलरपर्यंतची कर्जहमी दिली आणि तिच्याबरोबर कामगार, बँका व पुरवठादार या सर्वांनी झीज सोसण्याची अट घातली. क्रायस्लरने ही कर्जे मुदतीपूर्वी फेडली, तर ब्रिटिश लेलँडला वारंवार सार्वजनिक पैसा द्यावा लागला. २००८-०९ मध्ये जनरल मोटर्स व क्रायस्लर यांना अमेरिकन सरकारने साहाय्य केले, तेव्हा जर्मनीत ओपेलच्या भवितव्यावरून असाच वाद झाला. या सर्व प्रसंगांत साहाय्याच्या रकमेइतकेच महत्त्व त्यासोबतच्या अटींना आणि त्या पाळून घेणाऱ्या यंत्रणेला आल्याचे दिसते. ब्रेमेनमध्ये नेमकी हीच बाजू कच्ची राहिली होती.

वारसा

झेबाल्ड्सब्रुकचा कारखाना प्रथम हानोमाग कंपनीने विकत घेतला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी तो डाइमलर-बेंझकडे गेला. तेथे आज मर्सिडीज-बेंझ मोटारी तयार होतात आणि हा कारखाना ब्रेमेनमधील प्रमुख रोजगारदात्यांपैकी एक आहे. पी १०० मोटारीची उत्पादनसामग्री मेक्सिकोला विकली गेली आणि मॉन्टेरे येथे १९६७ ते १९७० या काळात तिचे मर्यादित उत्पादन झाले.

इझाबेला आणि लॉइड मोटारींचे जतन करणारे हौशी संग्राहक जर्मनीत व इतर देशांत आहेत. बोर्गवार्ड यांच्या नातवाच्या पुढाकाराने हे नाव पुन्हा बाजारात आणण्याचा प्रयत्न झाला. चीनमधील फोटॉन या वाहन कंपनीच्या भांडवलावर २०१५ मध्ये बोर्गवार्ड नावाची नवी मोटार सादर झाली, परंतु हा उपक्रमही टिकला नाही. २०१९ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर बोर्गवार्ड प्रकरणावर आधारित चित्रपट प्रसारित झाला. त्यानिमित्ताने बोर्गवार्ड वाचायला हवी होती का, ही चर्चा जवळजवळ सहा दशकांनंतर पुन्हा रंगली.